जर्मनीच्या नोकरीच्या नावाखाली माझे 3,36,300 रुपये गेले, सोलापूरच्या डेव्हलपर पोरांनो हे वाचाच

आधी आकडे सांगतो, कारण भेटेल तो पहिलं तेच विचारतोय. रजिस्ट्रेशन 11,800, डिग्रीचं मूल्यांकन 49,500, व्हिसाची अपॉइंटमेंट 35,000 आणि ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, म्हणून 2,40,000. एकूण 3,36,300 रुपये. त्यातले दीड लाख बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून काढलेत, त्याचं व्याज अजून चालू आहे.

मी वेब डेव्हलपर. बीसीए इथंच केलं, सुरुवातीला नवी पेठेतल्या दुकानदारांच्या, चादर-टॉवेलवाल्यांच्या वर्डप्रेसच्या साइट केल्या, मग पुण्याच्या एका एजन्सीचं रिअ‍ॅक्ट आणि नोडचं काम घरून धरलं, पगार 38,000. सोलापुरात आमच्या लाइनचं काम किती आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको, पोरं हुतात्मा एक्सप्रेस पकडतात आणि पुण्याला जातात ते सणावारालाच परत दिसतात. मला पुण्याच्या ऐवजी थेट बाहेर जायचं होतं. कुणी याला हाव म्हणतं, पण यात हाव कसली?

लिंक्डइनवर मेसेज आला, एजंट पुण्याचा, कंपनी जर्मनीची. आता लोक म्हणतात एवढा शिकलेला माणूस कसा फसतो. अहो, तासभर टेक्निकल इंटरव्ह्यू झाला माझा! इव्हेंट लूप विचारला, यूज-इफेक्टमध्ये क्लीनअप कशाला लागतं ते विचारलं, पोस्टग्रेसची क्वेरी हळू चालली तर इंडेक्स कुठं टाकणार ते विचारलं. मग घरी करायला असाइनमेंट दिली, मी गिटहबवर टाकली, त्यावर रिव्ह्यूच्या कॉमेंट आल्या आणि त्या कॉमेंट बरोबर होत्या. म्हणजे त्या टोळीत आपल्याच धंद्यातला कुणीतरी बसलाय, आणि मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच येतो. ऑफर लेटरवर पगार वर्षाला 54,000 युरो. 2025 मध्ये ब्लू कार्डसाठी, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या तिकडच्या परवान्यासाठी, कमीत कमी 48,300 युरो पगार लागत होता, आयटीसारख्या माणसं कमी असलेल्या कामांना 43,759.80. मी हे आकडे शोधून ताडून बघितले, जुळले, म्हणून विश्वास ठेवला. आंधळेपणानं नाही ठेवला.

पण एक गोष्ट आहे जी मला रात्री झोपू देत नाही. कंपनीच्या साइटच्या फुटरमध्ये इम्प्रेसुमचं पान नव्हतं. जर्मनीत कायदाच आहे, धंद्याच्या साइटवर कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता, जबाबदार माणूस, रजिस्टर नंबर हे सगळं उघड लिहावं लागतं. मला हे माहीत होतं, कारण मागं मी स्वतः एका जर्मन क्लायंटची साइट केली होती आणि ते पान लागल्याशिवाय त्यानं साइट लाइव्ह करू दिली नव्हती. मी खाली स्क्रोल केलं, प्रायव्हसी होतं, कॉन्टॅक्ट होतं, इम्प्रेसुम नाही. माझ्या लक्षात आलं. मी एजंटला फोन करून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "दादा, साइट रिडिझाइनला दिलीय, नवीन व्हर्जनमध्ये येईल." आता आपल्या लाइनमध्ये हे रोज घडतं की, अर्धवट साइट लाइव्ह असणं काही नवल नाही, त्यामुळं मला ते पटलं. त्या दिवशी माझ्याकडं एक रिलीज होतं, सर्व्हर सारखा पडत होता, आणि हा माणूस दर तासाला फोन करून सांगत होता की अपॉइंटमेंटचा स्लॉट संध्याकाळपर्यंतच आहे. डोमेन कधी घेतलंय ते हू-इजवर बघायला एक मिनिट लागतं. ते मी नंतर बघितलं, माझा इंटरव्ह्यू व्हायच्या जेमतेम दोन आठवडे आधी घेतलेलं होतं.

तुम्हाला जर्मनीची ऑफर आली असेल तर आधी त्यांच्या कंपनी रजिस्टरमध्ये, हांडेल्सरेगिस्टरमध्ये, नाव शोधा. ऑगस्ट 2022 पासून तिथं बघायला पैसे पडत नाहीत. आणि तिथं कंपनी सापडली तरी तेवढ्यावर थांबू नका, खऱ्या कंपनीच्या खऱ्या साइटवरचा नंबर घेऊन तिथं विचारा, कारण हे लोक चालू कंपनीचं नावसुद्धा उचलतात.

ब्लॉक्ड अकाउंटचं तर मला आता आठवलं तरी डोकं फिरतं. ते खातं शिकायला जाणाऱ्यांना किंवा नोकरी शोधायला अपॉर्च्युनिटी कार्डवर जाणाऱ्यांना लागतं, आणि ते तुमच्या स्वतःच्या नावावर असतं. हातात नोकरीचा करार आणि पुरेसा पगार असला की ब्लू कार्डला ते मागतच नाहीत. मला सांगितलं "रिफंडेबल आहे, तिथं पोचल्यावर महिन्या महिन्यानं परत मिळतात." पैसे गेले कुणाच्या खात्यात, तर कुठल्यातरी ट्रेडर्सच्या चालू खात्यात. विचारलं तर म्हणे आमचा फॉरेक्स पार्टनर आहे. आई तेव्हाच म्हणाली होती, "जर्मनीचं खातं आणि नाव हिकडचं कसं रे?" मी तिला समजावत बसलो.

व्हिसाची फी 75 युरो आहे, बास. अपॉइंटमेंटचा स्लॉट कुणाला विकता येत नाही. डिग्रीचं मूल्यांकन तिकडचं सरकारी खातं 208 युरोत करून देतं, तुम्ही घरबसल्या स्वतः अर्ज करू शकता.

आणि एजंट. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला 1983 च्या कायद्याखाली परवाना लागतो, परवानाधारकांची यादी सरकारच्या ए-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही दिसते, आणि परवाना असला तरी 30,000 रुपये आणि वर जीएसटी, याच्यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. माझ्या पावतीवर जीएसटी नंबर होता. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर टायरच्या दुकानाचा निघाला. हेसुद्धा लॉगिन न करता बघता येतं, पैसे द्यायच्या आधी बघा.

एजंटचा फोन बंद झाल्यावर मी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कॉल केला, तक्रारीचा नंबर मिळाला, ते ट्रेडर्सचं खातं होल्ड झालं. तोपर्यंत त्यात 6,212 रुपये उरले होते. पैसे गेल्याचा संशय आला की त्याच तासाला 1930 लावा, उद्या बघू म्हणू नका, एजंटला आणखी एक चान्स देऊ म्हणू नका, ते पैसे तासाभरात चार खात्यांतून पुढं पळतात.

पुढचं सगळं मात्र संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत ना?" अहो पाठवले, खोटं सांगून पाठवायला लावले, यालाच तर फसवणूक म्हणतात! मग म्हणे हे दिवाणी प्रकरण आहे, वकील बघा. मग म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, एजंट पुण्याचा आहे, तिकडं जा. नवीन कायद्याच्या, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) 173 कलमात स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात द्यायची आणि त्यांनी ती घ्यायची. मी कलम छापून नेलं. साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "इंजिनियर आहे का वकील आहे तू?" बँकेत गेलो तर तिथल्या बाईंनी रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक दाखवलं, त्यात संरक्षण आहे ते तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशाला, तुम्ही ओटीपी टाकलाय, विषय संपला. समोरच्या बँकेनं ते ट्रेडर्सचं खातं कुठली कागदपत्रं बघून उघडलं, हे विचारायचं कुणी? ते माझ्यासारख्याला सांगत नाहीत, आणि ज्यांना सांगतील ते विचारत नाहीत. टेबलावरनं टेबलावर फिरवतात नुसतं. प्रत्येक ठिकाणी तोच अर्ज नव्यानं लिहा, तेच स्क्रीनशॉट परत छापा, झेरॉक्सवाला आता नावानं ओळखतो मला. आणि वर प्रत्येक जण एक वाक्य ऐकवतोच की एवढं शिकून असं कसं झालं. चोराला कुणी काही विचारत नाही.

स्क्रीनशॉट काढताना चॅट एक्सपोर्ट पण करा, कारण त्या माणसानं त्याच्या बाजूनं मेसेज डिलीट केले. ईमेल असेल तर पूर्ण हेडरसकट सेव्ह करा. आधारची कॉपी दिली असेल तर बायोमेट्रिक लॉक करा, मी केलंय.

ठाण्यानं गुन्हा नोंदवला नाही तर 173(4) खाली वरिष्ठांना लेखी अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवायचा, तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जायचं. माझा अर्ज पोस्टानं गेलाय, पोच आलीय, उत्तर नाही. आता कोर्टात अर्ज टाकतोय. सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट, बार्शी, कुठलाही असो, ज्याचा असाच इंटरव्ह्यू झाला, 11,800 ची पावती मिळाली आणि पैसे कुठल्यातरी ट्रेडर्सच्या खात्यात गेले, त्यानं मला कळवा. एकट्याच्या अर्जाला हे दिवाणी म्हणतात, दहा जणांच्या अर्जाला म्हणून दाखवावं.