भविष्य अभ्यासाच्या मासिकात विनामोबदला काम: माझा अभिप्राय

पैसे मिळत नाहीत, हे आधीच सांगते. लेखाला मानधन नाही आणि संपादनाच्या कामालाही नाही. तरीही कोणी विचारलं तर मी ‘जरूर करा’ म्हणेन, आणि का ते सविस्तर लिहिते.

मासिक एका आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनेचं आहे, इंग्रजीत आणि ऑनलाइन निघतं. नाव मुद्दाम देत नाही, कारण मी अजून तिथे काम करते आणि ही जाहिरात वाटायला नको. विषय भविष्य अभ्यास, म्हणजे फ्युचर्स स्टडीज: पुढे काय काय घडू शकतं याचा पद्धतशीर विचार. ज्योतिषाचा इथे काही संबंध नाही.

मी नवी मुंबईत बेलापूरला पायाभूत सुविधांचं नियोजन करणाऱ्या एका छोट्या सल्लागार फर्ममध्ये नोकरी करते. आमच्याकडे पुढच्या २० वर्षांचा अंदाज काढायचा म्हणजे मागच्या आकड्यांची रेघ पुढे ओढायची. भविष्य अभ्यासात तसं चालत नाही. हवाई विद्यापीठातल्या जिम डेटर यांची चार भविष्यांची पद्धत घ्या. आज आहे तशी वाढ होत राहते, सगळं कोसळतं, समाज स्वतःला मर्यादा घालून घेतो, किंवा जगण्याचं रूपच पालटतं. चारही चित्रं तितक्याच मनापासून लिहायची आणि मग आजचा निर्णय त्या चारांत टिकतो का ते बघायचं. हे मी पुस्तकातून वाचलं होतं, पण हाताला लागलं ते मासिकाच्या कामातून.

सुरुवातीला माझ्याकडे तपासणीचं काम होतं. दुसऱ्यांच्या लेखातले संदर्भ पडताळायचे, तक्त्यातला आकडा आणि मजकुरातला आकडा जुळतो का पाहायचं, लेखकांना मेल करून खुलासे मागायचे. काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून थेट लिहायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. कुठला दावा कशावर उभा आहे हे बघायची नजर तिथेच तयार होते.

मग मी नवी मुंबईतल्या धारण तलावांवर लेख दिला. आपल्या शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने डच पद्धतीने तलाव ठेवले. भरतीला खाडीकडची झडप बंद होते, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटी लागली की बाहेर पडतं. पुढे तलावांत गाळ साचला, गाळात खारफुटी उगवली, आणि खारफुटीला तर कायद्याचं संरक्षण आहे. गाळ काढायचा तर ती तोडावी लागते, नाही काढला तर पाणी साठवायची जागा कमी होते.

संपादक फिनलंडच्या. पहिल्या खर्ड्यात मी ‘भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाल्यास’ असं लिहिलं होतं, तर समासात त्यांचा प्रश्न: झडप कोण बंद करतं? रविवारी सकाळी वाशीतल्या एका तलावाच्या खाडीकडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. कोणीच बंद करत नाही. पाणी चढू लागलं, तसा बाहेरच्या दाबाने झडपेचा लोखंडी पाट हळूहळू टेकला. फटीत प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली होती, तिथून पाण्याची बारीक धार आत येत राहिली. ती पिशवी लेखात आली. त्या जागी आधी माझी संकल्पनांनी भरलेली सहा ओळींची प्रस्तावना होती, ती बाईंनी काढून टाकली. योग्यच केलं.

दुसरी सूचना याहून कठीण होती. सोहेल इनायतुल्ला यांच्या पद्धतीत प्रश्न चार थरांत उलगडतात: वर बातम्या, त्याखाली व्यवस्था, त्याखाली जगाकडे बघण्याची दृष्टी आणि तळाशी समाजाच्या मनात मुरलेली प्रतिमा. मी दुसऱ्या थरावर थांबले होते. तळाशी काय आहे, असं संपादकांनी विचारलं. माझं सासर नवी मुंबईतल्याच करावे गावातलं. सासूबाईंना म्हटलं, शहर वसलं तेव्हा इकडची खाडी रिकामी होती असं सगळे म्हणतात. त्या म्हणाल्या, “रिकामी कवा व्हती? निवट्या, कोलंबी, चिंबोऱ्या कुठून यायच्या मग?” लेखाचा चौथा थर, ‘रिकामी खाडी’ ही प्रतिमा, मला तिथे मिळाला.

आणि अशा लेखनाचं वजन आपण नवी मुंबईकरांनी तरी ओळखावं. १९६५ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी ठरल्या आणि १९८४ मध्ये उरण भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात माणसं गोळीबारात गेली. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. मासिकात मांडलेल्या भविष्यात पुढे खरोखरची माणसं राहतात. म्हणून त्यात कोण धरलंय आणि कोण सुटलंय, हे लिहिणाऱ्याने छापण्याआधी बघितलंच पाहिजे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. बैठका आपल्याकडच्या रात्री अकराला सुरू होतात, दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर जड जातं. लेख छापून यायला महिने लागतात. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे अंक सभासदांपुरता असतो. ज्या गावाबद्दल लिहिलं त्या गावाने तो वाचायचा कसा? मी हा मुद्दा बैठकीत लावून धरला. आता लेखकाला स्वतःचा लेख भाषांतर करून वाटायची मुभा मिळाली आहे. माझा मराठीत झालाय, करावेतल्या मंडळींनी वाचून दोन ठिकाणी हरकतीही घेतल्यात. त्या मी संपादकांकडे पाठवल्या आहेत.

नुसतं नावापुढे ‘फ्युचरिस्ट’ लावायचं असेल तर इथे वेळ घालवू नका. खरंच शिकायचं असेल तर आधी तपासणीचं काम मागा. पहिल्या मेलमध्ये पदव्यांची यादी नको. तुमच्या भागातली पुढच्या वीस वर्षांत बदलणारी एक गोष्ट लिहा, तो बदल कोणाच्या निर्णयाने होईल तेही लिहा, आणि तिथे स्वतः जाऊन काय पाहिलंत ते चार ओळींत सांगा.