आरशाचं घर, पवना आणि माझे 27,998 रुपये 50 पैसे

पन्नास पैसे मुद्दाम लिहितेय. सगळी गोम त्या पन्नास पैशांत होती, आणि बावीस वर्षं लोकांच्या वह्यांतला रुपया न् रुपया जुळवणारी मी बाई तिथेच आंधळी झाले.

डिसेंबरात लेकीचा अठरावा वाढदिवस. तिला तंबू नको, फार्महाउस नको, ‘काहीतरी वेगळं’ हवं. नवरा म्हणाला, कार्ल्याला एमटीडीसीचं बुक करून टाक, डोक्याला ताप नाही. पण मला इन्स्टाग्रामवर पेज सापडलं होतं: पवना धरणाच्या काठी, झाडाला लटकलेली आरशाची खोली. आरशात सगळीकडून जंगलच दिसतं, खोली दिसतच नाही. 38 हजार फॉलोअर, खाली ‘मस्त अनुभव, नक्की जा’ छापाच्या कमेंटी. फॉलोअर विकत मिळतात हे आता जो तो मला ऐकवतो. तेव्हा कुठे होतात?

एका रात्रीचे 8,999, दोन रात्रींचे 17,998, निम्मे आगाऊ. मंगळवारी दुपारी 8,999 पाठवले. पाच मिनिटांत फोन आला. आवाज असा की सख्खा भाऊ वाटावा. ‘ताई, सिस्टीमने रक्कम घेतली नाही बघा. 8,999 रुपये 50 पैसे असे टाका, आधीचे आपोआप परत येतील.’ टाकले. मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’ म्हणून 10,000. तेही टाकले. जीएसटी रिटर्नची 20 तारीख जवळ आली होती, समोर साहेब उभे होते, फोन खांद्यात दाबलेला. ही सबब नाही हे मलाही कळतं, तरी सांगतेय.

पन्नास पैसे कमी पडले म्हणून नऊ हजार नाकारणारं सॉफ्टवेअर कुणी पाहिलंय? कुणा क्लायंटने असं व्हाउचर आणलं असतं तर मी त्याला परत पाठवला असता. शिवाय यूपीआयच्या स्क्रीनवर नाव भलत्याच माणसाचं होतं. विचारलं तर म्हणे, ‘तो आमचा अकाउंटंट.’ नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. कुणाचा अकाउंटंट, कुणाचा मेहुणा, काही ऐकू नका.

पण रात्री झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. आदल्या संध्याकाळी लेकीने फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला होता. ‘आई, ही झाडं बघ ना. पवनेला पाइन असतात?’ सरळसोट, तांबूस खोडं. करवंदाची जाळी नाही, वेल नाही, काही नाही. तिकोना मी आठ वेळा चढलेय. मावळातलं रान कसं असतं ते मला ठाऊक नाही? आणि मी काय म्हणाले, तर ‘फॉरेस्टवाल्यांनी लावली असतील.’ पोरीने फोन खाली ठेवला आणि गप्प बसली.

शनिवारी निघालो. मॅपवरचं लोकेशन धरणाच्या पाण्यात. अक्षरशः पाण्यात, समोर तुंग किल्ला. त्याचा फोन बंद. चहाच्या टपरीवाल्याने आमच्याकडे न बघताच विचारलं, ‘आरशाचं घर ना? या महिन्यात तुम्ही चौथे.’ केकचा खोका लेकीच्या मांडीवर होता.

तिथेच गाडीत बसून फोटो गूगल लेन्सला दिला. स्वीडनमधलं हाराड्स गाव, तिथलं ट्रीहोटेल, 2010 पासूनची ‘मिररक्यूब’. चार मीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच. आरशावर पाखरं आपटू नयेत म्हणून त्यावर पाखरांना दिसणारी खास फिल्म लावलीय. म्हणजे तिथे पाखरांची सोय आहे. शोधायला दहा सेकंद लागले. ते पैसे पाठवण्याआधी घालवायचे असतात.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पैसे जाऊन चार दिवस झाले होते, खातं केव्हाच रिकामं. शंका आली की त्याच क्षणी 1930 लावा, लाज बाजूला ठेवा. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली, नंबर मिळाला. मग आमच्या भागातलं पोलीस स्टेशन. ‘मॅडम, पवना पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत.’ अहो, पैसे माझ्या पुण्यातल्या ऑफिसातून गेले, धरणातून नाही! ग्रामीणवाले म्हणाले, पैसे शहरातून गेले, तिकडेच जा. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हद्द न बघता गुन्हा नोंदवायची सोय आहे, हे मी हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, ‘एवढं माहितीय, मग पैसे कसे पाठवले?’ शेजारच्या बाकावरचे दोघे हसले. तीन चकरा, दोन अर्धे दिवस रजा, स्टेटमेंटच्या झेरॉक्स तीनदा. साहेब एकदा बंदोबस्ताला, एकदा मीटिंगला, एकदा नुसतेच नाहीत. बँकेत गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘पिन तुम्हीच टाकलाय ना, मग हे अनधिकृत कसं?’ माझ्याच पैशांसाठी मी तिला सॉरी म्हणून बाहेर आले.

बुकिंगआधी व्हिडिओ कॉल करून जागा दाखवायला सांगा. नेटवर्क नाही म्हणाला तर नमस्कार करा. आणि घरातलं पोर काही म्हणत असेल तर ऐका.

पोर्टलवर अजून ‘प्रक्रिया सुरू’ दिसतंय. त्याचा नंबर मी ब्लॉक केलेला नाही. परवा डीपी बदलला: बर्फात काचेचे इग्लू, फिनलंडला असतात तसले. खाली लिहिलंय, ‘कास पठारापासून दहा मिनिटं, 7,999 फक्त.’