थॉर्नटन-पिकार्ड रुबी, हाफ प्लेट: आठ महिने वापरल्यावर

थॉर्नटन-पिकार्डची सुरुवात १८८८ साली मँचेस्टरात झाली, पुढे कारखाना शेजारच्या ऑल्ट्रिंगमला गेला. मीही मँचेस्टरातच राहतो, म्हणून याच कंपनीचा कॅमेरा हवा होता. १४० पौंडांना त्यांचा रुबी नावाचा जुना लाकडी कॅमेरा मिळाला. महोगनीचे सांधे आजही घट्ट आहेत, भाता पूर्ण ताणला तरी पुढची चौकट डगमगत नाही. अशी सुतारकी बघत बसावीशी वाटते.

पण आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी आधी डार्क स्लाइड, म्हणजे काचेची प्लेट अंधारात ठेवून कॅमेऱ्यात सरकवायच्या चौकटी, बघेन. माझ्या कॅमेऱ्याबरोबर तीन आल्या. दोघींवर १-२ आणि ३-४ असे आकडे, तिसरीवर ९-१०. तिसरी दुसऱ्याच कॅमेऱ्याची होती. ती नीट बसायची, पण प्लेट जिथे यायला हवी त्याच्या जरा मागे यायची. फोकस बघायच्या घासलेल्या काचेवर चित्र रेखीव, निगेटिव्हवर मऊ. दोन महिने मी लेन्सला दोष देत होतो. विकणाऱ्याने याचा उल्लेखही केला नव्हता, याचा राग अजून आहे. स्वतःच्या स्लाइड असलेल्या, रंग उडालेल्या कॅमेऱ्याला मी चकचकीत कॅमेऱ्यापेक्षा जास्त पैसे देईन. पितळेवरचं जुनं लॅकर घासून काढलेलं असेल तर किंमत उलट कमी करा.

दुसरी गोष्ट तिकाटण्याची, म्हणजे ट्रायपॉडची. रुबीचे पाय बैठकीतल्या पितळी चक्रात थेट अडकतात. पाय नसतील तर आजच्या ट्रायपॉडवर तो सहज बसत नाही. भाता अंधारात आत टॉर्च लावून तपासा; माझ्याला कोपऱ्यांत सात भोकं निघाली.

हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. काचेच्या प्लेटऐवजी मी निगेटिव्हसाठी लाल दिव्यात ५ बाय ७ चा फोटो पेपर कापतो आणि काचेची जाडी भरून काढायला मागे काळं पुठ्ठं लावतो. पेपरचा वेग, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, साधारण ६ आयएसओ, फारच कमी. लेन्सवर उजेड आत घेणाऱ्या छिद्राचे ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे आहेत, पण ही जुनी युनिफॉर्म सिस्टिम: इथला ६४ म्हणजे आजचा एफ ३२. हे न कळल्याने माझी पहिली डझनभर निगेटिव्ह चौपट उजेड खाऊन काळीठिक्कर पडली. उन्हात पाऊण सेकंद, ढगाळ दिवशी चार-पाच. त्यामुळे रोलर ब्लाइंड (गुंडाळत्या पडद्याचं) शटर उघडं ठेवून लेन्सची टोपीच काढतो-घालतो.

डीन्सगेटवरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयासमोर रस्ता अरुंद आहे. तिथे पुढची चौकट वर सरकवली आणि कॅमेरा न वाकवता शिखरं काचेवर आली, भिंती सरळच राहिल्या. पेपरला लाल दिसत नाही, त्यामुळे तो तांबूस दगड जवळजवळ काळा उतरला. मला तो तसाच आवडला.

सँडरसन या दुसऱ्या जुन्या कॅमेऱ्याचा सागवानी, पितळपट्ट्यांचा ट्रॉपिकल प्रकार उष्ण देशांसाठी घडवलेला; तो हातात घ्यायची इच्छा आहे, पण त्याची किंमत वेगळ्याच पायरीवर असते. सध्या शोध चालू आहे तो ५-६ आकड्याच्या स्लाइडचा.