बंद पडलेल्या गाडीचं तिकीट

एकतीस वर्षं मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतला पोचला, हे किती वर्गांना सांगितलं त्याची गणती नाही. आमच्या सावंतवाडीहून गोवा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पोर्तुगीज आम्हाला नुसते पुस्तकात भेटत नाहीत. निवृत्त झाल्यावर लिस्बन बघायचं हे मी फार आधी ठरवलं होतं. तेही विमानानं नाही. लंडनला गाडीत बसायचं आणि पॅरिस, बार्सिलोना, माद्रिद करत, जमीन बदलताना बघत लिस्बनला उतरायचं.

मागच्या मे महिन्यात आम्ही तिघं तसे निघालो. मी, हे आणि माझ्या वन्सं. या प्रवासाच्या तिकिटांपोटी आमच्याकडून एक लाख चौऱ्याहत्तर हजार रुपये घेतले गेले आणि त्यातलं एकच तिकीट खरं निघालं. ते कसं घडलं हे तपशिलानं लिहिते आहे, कारण फसवण्याची ही पद्धत मला आधी कुणी सांगितली असती तर मी वाचले असते.

एका लग्नात ओळखीच्या बाईंनी एका मुलाचा नंबर दिला. पुण्यात असतो, युरोपची रेल्वे ट्रिप ‘प्लॅन’ करून देतो म्हणाल्या. तिशीतला, बोलायला गोड. व्हिडिओ कॉलवर त्यानं नकाशा उघडून गाड्या दाखवल्या. मी पासबद्दल विचारलं. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास आणि तिथल्या रहिवाशांसाठी इंटररेल, एवढं मी वाचलेलं होतं. तो म्हणाला, “काकू, एका ग्राहकाचा न वापरलेला पास आहे, अर्ध्या किमतीत देतो.” पास ज्याच्या नावाचा त्यानंच वापरायचा असतो, त्यावर पासपोर्टचा नंबर असतो, गाडीत तो तपासतात. मी ठाम नाही म्हटलं. मग तो लगेच म्हणाला, बरोबर आहे तुमचं, आपण सुटी तिकिटंच काढू.

त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. दुसऱ्याच्या नावाचा पास विकायला जो तयार होतो, तो माझ्याशी सरळ कसा वागेल? पण मला वाटलं, मी त्याची चूक पकडली, आता हा मला जपून राहील.

पैसे त्यानं स्वतःच्या वैयक्तिक खात्यावर मागितले, सत्त्याऐंशी हजारांचे दोन हप्ते. दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी संध्याकाळी फोन आला, आज रात्री बारानंतर भाडं वाढणार आहे. मी मुदत ठेव मोडून पैसे पाठवले. युरोपात लवकर काढलेलं तिकीट स्वस्त आणि ऐनवेळचं महाग हे खरंच आहे, म्हणून त्याचं म्हणणं पटलं. पावती आली ती एका साध्या कागदावर, जीएसटी क्रमांक नसलेली.

दोन दिवसांत चार तिकिटांच्या पीडीएफ आल्या. बारकोड, आमची पासपोर्टप्रमाणे नावं, डबा, आसन, सगळं नीट. तीच कागदपत्रं मी व्हिसाच्या फाइलला लावली. इंग्लंडचा वेगळा आणि फ्रान्स-स्पेन-पोर्तुगालसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा शेंगेनचा वेगळा, असे दोन्ही व्हिसा मिळाले, आणि मी समजले की तिकिटंही तपासली गेली असणार. हे माझं पूर्ण चुकलं. व्हिसा देणारे तुमचा बेत बघतात, तुमच्या तिकिटाची हमी घेत नाहीत.

त्याच्या वेळापत्रकात आणखी एक खूण होती. ‘पॅरिस आगमन’, ‘पॅरिस प्रस्थान’, एवढंच. कुठलं स्टेशन? लंडनची युरोस्टार गार द्यु नॉरला येते आणि बार्सिलोनाची गाडी गार द लिओंहून सुटते. पॅरिसला अर्धा डझन मोठी टर्मिनस आहेत. आपल्याकडे कुणी नुसतं ‘मुंबईला उतरा’ म्हणालं तर आपण विचारतो ना, सीएसएमटी की दादर की कुर्ला? लंडनलाही गाडीच्या वीस मिनिटं आधी पोचा असं त्यानं लिहिलं होतं. प्रत्यक्षात युरोस्टार सुटते त्या सेंट पँक्रस स्टेशनला ब्रिटिश आणि फ्रेंच दोन्ही पासपोर्ट तपासण्या तिथेच होतात आणि गाडी सुटायच्या बरंच आधी गेट बंद होतं. जर्मनीतल्या भाच्यानं सांगितलं म्हणून आम्ही दीड तास आधी गेलो, नाहीतर पहिलीच गाडी चुकली असती. ज्याला ही माहिती नाही त्यानं हा प्रवास कधी कुणाला नीट करवलेला नसतो. मी ते कागदावर वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं.

युरोस्टारचं तिकीट मात्र खरं होतं. गेट उघडलं, आम्ही बसलो, बोगद्यातून फ्रान्सला निघालो. वन्संनी माझा हात धरून “तुझ्यामुळे हे बघायला मिळालं” असं म्हटलं. आता मला कळतं, पहिलं तिकीट खरं ठेवणं हाच त्याच्या युक्तीचा पाया होता. पहिली गाडी मिळाली की माणूस निर्धास्त होतो, आणि पुढचं उघडकीला येतं तेव्हा तो परदेशात, सामान घेऊन, भाषा न येणाऱ्या स्टेशनवर उभा असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गार द लिओंला पोचलो. फलाटाच्या गेटवर माझ्या तिकिटाला लाल दिवा लागला. ह्यांच्याही. वन्संच्याही. मला वाटलं छपाई फिकी आली असेल. तिथल्या कर्मचाऱ्यानं हातातल्या यंत्रावर तिकीट धरलं, मान हलवली आणि आम्हाला खिडकीकडे पाठवलं. खिडकीतल्या बाईंनी सहा अक्षरांचा आरक्षण कोड आणि आडनाव टाकलं, मग पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर एक शब्द होता, ‘आन्युले’. रद्द.

तिनं शांतपणे, मोडक्या इंग्रजीत समजावलं. तिकीट काढलं होतं, अगदी खरं. चार दिवसांनी ते रद्द केलं गेलं आणि पैसे ज्या कार्डानं भरले होते त्याच कार्डावर परत गेले. आरक्षणाला जोडलेला ईमेल माझा नव्हता. मी तो कधी पाहिलाही नव्हता.

इथे सगळी फसवणूक सामावलेली आहे, म्हणून जरा थांबून सांगते. माझ्या हातातली पीडीएफ बनावट नव्हती. ती खऱ्या तिकिटाची होती, पण ते तिकीट आता अस्तित्वात नव्हतं. कागद तसाच राहतो, बारकोड तसाच दिसतो, नावं तशीच. तिकीट जिवंत आहे की मेलेलं हे फक्त रेल्वेच्या यंत्रणेला माहीत असतं. आणि ज्याच्या ईमेलवर आणि खात्यावर आरक्षण आहे तो ते तुमच्या नकळत रद्द करू शकतो, तिकिटावर नाव तुमचं असलं तरी. परताव्याची सोय असलेलं तिकीट काढायचं, ग्राहकाला पीडीएफ पाठवायची, मग रद्द करून पैसे परत घ्यायचे. त्याचा खर्च जवळजवळ शून्य.

गाडी सुटायला चाळीस मिनिटं होती. ह्यांनी बॅगेवर बसून विचारलं, “आता काय करूचा?” आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेला माणूस, त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. आम्ही त्याच खिडकीवर नवी तिकिटं घेतली. ऐनवेळचं भाडं, तिघांचे मिळून पाचशे युरोंच्या वर. त्या पुण्याच्या मुलाला फोन लावला. दोनदा वाजला, मग बंद लागू लागला.

बार्सिलोनापर्यंतचे साडेसहा-सात तास मी खिडकीजवळ होते. नार्बोनच्या पुढे रूळ समुद्रकाठच्या खाजणांच्या मधून जातात, दोन्हीकडे पाणी. याच दृश्यासाठी मी विमान नाकारलं होतं. वन्सं समोर डोळे मिटून बसल्या होत्या, पण झोपलेल्या नव्हत्या. त्यांचे अठ्ठावन्न हजार स्वतःच्या पेन्शनमधून साठवलेले होते आणि त्यांना या प्रवासाला मी तयार केलं होतं.

रात्री हॉटेलातून वन्संच्या मुलाला, म्हणजे आमच्या भाच्याला फोन केला. तो जर्मनीत असतो. त्याचं बाळ लहान, उगाच त्रास नको म्हणून तिकिटांबद्दल आधी त्याला काही विचारलं नव्हतं. ह्या संकोचाची किंमत फार झाली. त्यानं उरलेले कोड मागितले. बार्सिलोना–माद्रिद, रद्द. मग माद्रिद–लिस्बन. आमच्या तिकिटावर चामार्तीन स्टेशनहून रात्री पावणेदहाची गाडी होती, डबा, बर्थ, सगळं लिहिलेलं. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामी, हे तिकीट रद्द झालेलं नाही. ही गाडीच नाहीये. माद्रिद–लिस्बन रात्रीची गाडी मार्च २०२०मध्ये करोनात बंद झाली ती पुन्हा सुरूच झाली नाही.”

ते तिकीट त्या पुण्याच्या मुलानं एखाद्या जुन्या तिकिटावर आमची नावं घालून केलं होतं. दोन देशांच्या राजधान्या, शेजारी देश, आणि मध्ये थेट गाडी नाही, हे मला खरंच वाटलं नसतं. जिनं आयुष्यभर मुलांना नकाशे भरायला लावले तिनं स्वतः नकाशावर विश्वास ठेवला, वेळापत्रक बघितलं नाही. रेल्वेच्या अधिकृत साइटवर माद्रिद आणि लिस्बन एवढी दोन नावं टाकली असती तरी हे दोन मिनिटांत उघड झालं असतं.

माद्रिदची सोय लवकर झाली. या मार्गावर रेन्फे या स्पेनच्या सरकारी रेल्वेशिवाय उइगो आणि इर्यो या कंपन्यांच्याही वेगवान गाड्या धावतात आणि स्पर्धेमुळे दुसऱ्या दिवशीचं तिकीटही आवाक्यातलं मिळालं. अडीच-तीन तासांत माद्रिद. पण एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या गाडीला चालत नाही, हे तिकीट घेताना बघावं लागतं. लिस्बनसाठी भाच्यानं विमान सुचवलं, रात्रीची बस सुचवली. वन्सं म्हणाल्या, “ती रेल्वेनं जायचं म्हणून आलीये, रेल्वेनंच जाऊ.” मला तेव्हा रडू आलं.

मग माद्रिदहून सीमेजवळचं बादाहोस, तिथून पोर्तुगालची छोटी डिझेल गाडी घेऊन एन्त्रोंकामेंतो, आणि तिथून लिस्बन. तीन गाड्या, सगळा दिवस. बादाहोसहून पुढे जाणाऱ्या गाड्या दिवसाला अगदी मोजक्या आहेत, ती चुकली की मुक्काम. तिथे दोन रुळांमधलं अंतर १६६८ मिलिमीटर, आपल्याकडे १६७६, म्हणजे जवळजवळ तेवढंच. त्या संथ गाडीत बसल्यावर कोकण रेल्वेची आठवण झाली. शेवटी टेगस नदीकाठी पाण्यातल्या बेटावर आल्मुरोलचा किल्ला दिसला तेव्हा ह्यांनी दोन दिवसांत पहिल्यांदा फोटो काढला.

परत आल्यावर सायबर पोर्टलवर तक्रार केली, पोलिस ठाण्यात जाऊन पीडीएफ, बँकेचे उतारे, चॅट सगळं दिलं. तिथे सांगितलं की १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन करावा तितकी पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त. आमचे पैसे जाऊन चार महिने झाले होते. मी पॅरिसच्या त्या खिडकीवरूनच पोर्टलवर तक्रार नोंदवायला हवी होती, पण तेव्हा सुचलं नाही. आणि पैसे वैयक्तिक खात्यावर गेलेले. क्रेडिट कार्डानं भरले असते तर बँकेकडे त्या व्यवहाराला हरकत तरी घेता आली असती.

भाच्यानं मला नंतर जे शिकवलं ते इतकंच. आरक्षण तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या कार्डावर करायचं. दुसऱ्यानं करून दिलंच, तर पीडीएफ हातात आल्याच्या दिवशी कोड आणि आडनाव घेऊन ते त्या रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर उघडून बघायचं. मग निघायच्या आठवड्यात पुन्हा, आणि आदल्या रात्री पुन्हा, कारण आज खरं असलेलं तिकीट उद्या रद्द होऊ शकतं. कोड द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला पैसे द्यायचे नाहीत. पास घेतला तरी फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला, स्पेनच्या वेगवान गाड्यांना, युरोस्टारला जागा वेगळी राखावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. “पासमध्ये सगळं आलं” असं सांगणाऱ्याला तिथेच नाही म्हणा.

त्या बाईंनाही मी फोन केला, नंबर देणाऱ्या. त्यांच्या पुतण्यानं याच मुलाकडून स्वित्झर्लंडची तिकिटं घेतली होती, पुढच्या महिन्यात निघायचं होतं. मी त्याला कोड शोधायला लावले. पाचपैकी तीन रद्द निघाले. त्यानं घरातूनच, निघायच्या सव्वीस दिवस आधी पोलिसांत तक्रार दिली.

लिस्बनला आम्ही बेलेंच्या मठात गेलो, जेरोनिमोसच्या. तिथे थडग्यावर दगडात कोरलेला वास्को द गामा हात जोडून झोपलेला आहे. वन्सं बाजूला उभ्या होत्या. त्यांचे अठ्ठावन्न हजार मी दर महिन्याला पेन्शनमधून त्यांना देते आहे. त्या घेत नाहीत म्हणून त्यांच्या खात्यात भरते. अजून सात हप्ते राहिले आहेत.