एचएमएस हॅझर्ड: जे काम सांगितलं ते सोडून बाकी सगळं केलं (रिव्ह्यू)

प्रॉडक्ट: टॉर्पेडो गनबोट, ड्रायड क्लास. बनवली वेल्समधल्या पेंब्रोक डॉकयार्डात. गिऱ्हाईक ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टी, म्हणजे आरमाराचं मुख्य खातं. पाण्यात उतरली फेब्रुवारी १८९४ ला, बुडाली जानेवारी १९१८ ला. माझं रेटिंग: ज्यासाठी घेतली त्या कामाला १ स्टार, बाकीच्या कामांना ४. पाचवा का नाही ते पुढे येईलच.

आधी घेतली कशाला ते बघू. १८८० नंतर सगळ्याच आरमारांनी टॉर्पेडो बोटींची धास्ती घेतली होती. एवढीशी बोट, रात्री दिवे मालवून येणार, जवळ जाऊन टॉर्पेडो सोडणार आणि एवढं मोठं चिलखती जहाज तळाला घालून पसार होणार. फ्रान्स तर या बोटी भराभर बांधतच सुटला होता. मग ब्रिटिशांनी ठरवलं की यांना गाठायला मधल्या साइजचं एक जहाज पाहिजे, पळणारं पण पाहिजे, तोफा पण पाहिजेत आणि स्वतःच्या टॉर्पेडो नळ्या पण पाहिजेत. सगळं एकातच पाहिजे म्हटलं की काय होतं ते आपल्याला माहितीच आहे.

पहिलं मॉडेल रॅटलस्नेक, १८८६ चं, ५५० टन. मग शार्पशूटर क्लास, ७३५ टन. मग अलार्म क्लास, ८१० टन. आणि शेवटी ड्रायड क्लास, १०७० टन, ज्यातली ही आपली हॅझर्ड. म्हणजे दर मॉडेलला वजन वाढतंय, आणि वेग? पहिलीचा साधारण १९ नॉट (म्हणजे ताशी १९ सागरी मैल) आणि शेवटचीचा पण १८-१९ च्याच घरात! टॉर्पेडो बोटी तोवर २० च्या पुढे गेलेल्या, म्हणजे उंदीर धरायला आणलेली मांजर अंगणातच धापा टाकतेय.

या जातीचं खरं दुखणं म्हणजे बॉयलर. रेल्वे इंजिनात असतो त्या धर्तीचा लोकोमोटिव्ह बॉयलर बसवायचे, कारण तो जागा कमी खातो आणि वजनालाही हलका. रुळावर तो झकास चालतो. पण इथे त्याच्यावर पंख्याने जोरात हवा मारून भट्टी भडकवायची, मग नळ्यांची टोकं जिथे पत्र्यात बसवलेली असतात तिथली जोडणी उष्णतेने सैल पडायची आणि पाणी गळायला लागायचं. ट्रायलला दाखवलेला आकडा नंतर कामावर कधी दिसायचाच नाही. शेवटी कंटाळून शार्पशूटरमध्ये फ्रेंच बेलव्हिल बॉयलर टाकून बघितले, आणखी काही बहिणींमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे वॉटर ट्यूब बॉयलर (ज्यात नळ्यांतून पाणी फिरतं आणि आग बाहेरून) टाकले. थोडक्यात काय, या बोटी म्हणजे आरमाराची बॉयलरची प्रयोगशाळा झाल्या. त्याचा उपयोग झाला, नाही असं नाही, पण तो दुसऱ्या जहाजांना.

आणि टायमिंग तर विचारूच नका. १८९३ मध्येच हॅवॉक नावाची पहिली डिस्ट्रॉयर आली, वजन २४० टनांच्या आसपास आणि ट्रायलला वेग २६ नॉट. हॅझर्ड पाण्यात उतरली त्याच्या काही महिन्यांनी. म्हणजे डिलिव्हरी मिळायच्या आधीच मॉडेल जुनं. टॉर्पेडो बोटींच्या मागे पळायचं काम डिस्ट्रॉयरांकडे गेलं आणि हिला म्हणाले, बघ बाई, दुसरं काय जमतंय ते.

तर तिला बरंच काही जमलं. ६ सप्टेंबर १८९८, क्रीट बेट, कँडिया बंदर, म्हणजे आजचं हेराक्लिऑन. बेट अजून तुर्कांचं, पण युरोपातल्या सत्तांची जहाजं आणि सैनिक तिथे ठाण मांडून बसलेले. कस्टम हाउसचा ताबा नव्या ख्रिश्चन अधिकाऱ्यांकडे द्यायला गेले आणि मुस्लिम जमाव खवळला, बंदरावरच्या मूठभर ब्रिटिश सैनिकांवर गोळीबार सुरू झाला, गावात शेकडो ख्रिश्चनांची कत्तल झाली, ब्रिटिश व्हाइस कॉन्सल सुद्धा मारला गेला. हॅझर्डने होड्या सोडून आपले खलाशी किनाऱ्यावर उतरवले आणि गावावर तोफाही डागल्या, जे प्रकरण गौरवाने सांगावं असं मला तरी वाटत नाही.

पण त्यात एक माणूस लक्षात राहतो, बोटीवरचा डॉक्टर विल्यम मेलार्ड. हा होडीतून उडी मारून कस्टम हाउसच्या आडोशाला पोचला होता, म्हणजे वाचला होता. मागे बघतो तर आर्थर स्ट्राउड नावाचा खलाशी गोळी लागून होडीतच कोसळलेला. डॉक्टर गोळ्यांच्या पावसातून परत होडीपर्यंत धावत गेला आणि त्याला उचलायला लागला, पण होडी सुटून हेलकावे खात होती, पाय ठरेना, आणि जवळजवळ गेल्यात जमा असलेला माणूस एकट्याने उचलला जाईना. तसाच रिकाम्या हाताने परत आला, कपड्यांची गोळ्यांनी चाळणी झालेली आणि अंगाला एक ओरखडा नाही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. ब्रिटिश आरमाराच्या डॉक्टरांमध्ये हा मान मिळालेला तो एकटाच. या सगळ्या भानगडीनंतर नोव्हेंबरपर्यंत तुर्की फौजेला क्रीट सोडावं लागलं.

तीन वर्षांनी हिला आणखी वेगळी नोकरी लागली. १९०१ मध्ये ब्रिटिशांनी पहिली पाणबुडी पाण्यात उतरवली, हॉलंड १, आणि या नव्या बाळांना सांभाळायला जी बोट दिली ती हॅझर्ड! पाणबुड्यांचे पहिले प्रमुख कॅप्टन रेजिनाल्ड बेकन, त्यांच्याच हाताखाली. गंमत बघा, टॉर्पेडोवाल्यांना हुसकावायला बांधलेली बोट टॉर्पेडोवाल्यांची दाई झाली. माझ्या मते हिचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, कँडियापेक्षाही, फक्त त्याला कोणी मेडल देत नाही.

आता पाचवा स्टार. २ फेब्रुवारी १९१२, आइल ऑफ वाइटजवळ सराव चालू होता. ए३ नावाची पाणबुडी वर आली ती नेमकी हॅझर्डच्या वाटेत. धडक बसली, पाणबुडी लगेच बुडाली, आतले १४ च्या १४ गेले. तेव्हाची पाणबुडी पाण्याखालून जवळपास आंधळीच, पेरिस्कोपला जेवढं दिसेल तेवढंच, त्यामुळे सगळा दोष हॅझर्डवर टाकणं बरोबर नाही, पण जिने सांभाळायचं तिच्याच खाली गेले हे विसरून पाच स्टार द्यायला माझा हात धजत नाही. ए३ नंतर वर काढली आणि त्याच वर्षी पोर्टलंडजवळ टार्गेट म्हणून तोफा मारून परत बुडवली.

पहिल्या महायुद्धात हॅझर्ड डोव्हर पट्रोलवर, म्हणजे इंग्लिश खाडीच्या पहाऱ्यावर होती. एवढं सगळं करून शेवट झाला तो शत्रूच्या हातून नाहीच, २८ जानेवारी १९१८ ला इंग्लिश खाडीत वेस्टर्न ऑस्ट्रेलिया नावाच्या जहाजाची धडक बसून बुडाली.

बाकी फॅमिलीबद्दल, म्हणजे इतर टॉर्पेडो गनबोटींबद्दल थोडं. नायजरला ११ नोव्हेंबर १९१४ ला इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डीलजवळ यू-१२ या जर्मन पाणबुडीने टॉर्पेडोनेच बुडवलं. स्पीडी त्याआधीच, ३ सप्टेंबरला, हंबरजवळ सुरुंगावर गेली. आणि हॅल्सियनचा किस्सा तर वाचाच, ३ नोव्हेंबर १९१४ ला यार्मथजवळ धुक्यात ही माइनस्वीपर (सुरुंग काढणारी बोट) बनलेली म्हातारी जर्मनांच्या बॅटलक्रूझरांच्या, म्हणजे मोठ्या वेगवान युद्धनौकांच्या, पुढ्यात आली आणि ओळख विचारत बसली! तिकडून उत्तर तोफांनी आलं, पण लाइव्हली नावाच्या डिस्ट्रॉयरने धुराचा पडदा केला म्हणून वाचली.

आपल्याकडच्या लोकांसाठी: शार्पशूटर क्लासमधल्या दोन बोटी खास हिंदुस्थानच्या समुद्रासाठी बांधल्या होत्या, प्लासी आणि असई. इंग्लंडमधल्या एल्सविकला बांधल्या, १८९० मध्ये पाण्यात उतरल्या, आणि ज्या इंडियन मरीनसाठी (ब्रिटिश हिंदुस्थानचं सागरी दल) घेतल्या तिचं ठाणं मुंबई. असई म्हणजे तीच, जालन्याकडची, १८०३ ला ब्रिटिश सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांना जिथे हरवलं ती. म्हणजे बोट आमच्या पैशाने, बंदर आमचं आणि नाव आमच्याच पराभवाचं, वा रे वा. चौदा वर्षांत, १९०४ ला, दोन्ही विकून मोकळे झाले.