ईएसआय की डब्ल्यूसी पॉलिसी? सात-आठ कामगारांच्या मालकासाठी तुलना

भोसरी, सातपूर, गोकुळ शिरगाव, औद्योगिक वसाहत कुठलीही असो, सात-आठ माणसांवर प्रेस शॉप (दाबयंत्रावर पत्रा कापण्या-वाकवण्याचा कारखाना) चालवणाऱ्या मालकाला हा निर्णय घ्यावाच लागतो. कामगार दहा झाले की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा ही सरकारी योजना, सक्तीची होते. दहाच्या आत सक्ती नसली, तरी कामावर असताना कुणी जखमी झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच असते, मग कामगार एकटा का असेना. ही जबाबदारी झेपावी म्हणून बहुतेक जण विमा कंपनीकडून डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाई) पॉलिसी घेतात. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२३ चा भरपाई कायदा व १९४८ चा ईएसआय कायदा दोन्ही तिच्यात सामावले गेले. मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील, तर दहाच्या आतल्या कारखान्यालाही आता स्वेच्छेने ईएसआय घेता येते. खालचे आकडे आधीच्या कायद्यांतले आणि त्यांच्या अधिसूचनांतले आहेत, तेव्हा निर्णयाआधी ताजी अधिसूचना पाहून घ्या.

एक उदाहरण घेऊ. वय ३०, पगार १८,००० रुपये, आणि प्रेसखाली एका हाताची चार बोटं गेली. कायद्याच्या परिशिष्टात याला ५० टक्के कमाईक्षमता गेली असं धरतात.

भरपाई कायद्याचा हिशोब असा चालतो. पगार कितीही असला तरी १५,००० पर्यंतच धरायचा. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्यात वयानुसार ठरलेला तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८, म्हणून पूर्ण अपंगत्वाचे १८,७१,८२० रुपये होतात आणि त्याच्या निम्मे ९,३५,९१०. ही रक्कम एकदाच मिळते. ईएसआयमध्ये पगाराच्या ९० टक्क्यांच्या निम्मे, म्हणजे महिन्याला साधारण ८,१०० रुपये, तेही हयातभर, आणि महागाईनुसार दर वेळोवेळी वाढतो. तिशीतल्या माणसासाठी दुसरा मार्ग मला निःसंशय बरा वाटतो. एकरकमी नऊ लाख बहुतेकदा कर्ज फेडण्यात, घर दुरुस्तीत किंवा बहिणीच्या लग्नात संपतात. हात मात्र पुढची तीस वर्षं तसाच राहतो.

उपचार चालू असतानाचा काळ पाहिला तर फरक आणखी मोठा आहे. ईएसआयमध्ये तात्पुरत्या अपंगत्वासाठी पगाराच्या ९० टक्के, आपल्या उदाहरणात महिन्याला १६,२०० मिळतात. उपचार ईएसआय महामंडळाच्या दवाखान्यात किंवा त्यांनी जोडलेल्या रुग्णालयात होतात. भरपाई कायद्यात दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला ७,५०० रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकानेच द्यायचा, आणि पॉलिसीत हा खर्च बहुधा वेगळा जोडून घ्यावा लागतो, तोही मर्यादेसह. पॉलिसी हातात घेतल्यावर सगळ्यात आधी हेच पान वाचा. भरपाई महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाचा भार विमा कंपनी साधारणपणे उचलत नाही.

खर्चाचं म्हणाल तर ईएसआयमध्ये मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. अठरा हजारांवर महिन्याला ५८५ आणि १३५ रुपये. डब्ल्यूसीचा हप्ता कामाच्या धोक्यावर आणि तुम्ही जाहीर केलेल्या पगारावर ठरतो, आणि तो सहसा बराच कमी पडतो. मालक पॉलिसीकडे वळतात ते यामुळेच. पण ईएसआयच्या पैशात कामगाराच्या बायकोचं बाळंतपण, मुलांची आजारपणं हेही येतं. पॉलिसी फक्त कामावरच्या इजेपुरती असते. जवळचं ईएसआय रुग्णालय दोन-तीन तासांवर असेल तर मात्र हा हिशोब बदलतो. ते आधी प्रत्यक्ष जाऊन पाहून या.

कामावर परतणं हा विषय मालक सगळ्यात कमी बोलतात, आणि इथे मात्र पारडं थोडं फिरतं. ईएसआयचा लाभ चालू असताना कामगाराने मजुरी घेऊन काम केलं, तर त्या दिवसाचा लाभ जातो. त्यामुळे ‘दोन तास येऊन स्टोअर बघ’ अशी व्यवस्था करता येत नाही. डॉक्टरचं अंतिम प्रमाणपत्र येईपर्यंत थांबावं लागतं. भरपाई कायद्यात हलकं काम देता येतं. पूर्वीची आणि आताची पंधरवड्याची कमाई यांत जो फरक राहील, तेवढीच पंधरवड्याच्या रकमेची कमाल मर्यादा. हळूहळू परत आणायचं असेल तर ही मोकळीक खरोखर उपयोगी आहे.

दुसरीकडे, ईएसआयचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही. भरपाई कायद्यात असं थेट संरक्षण नाही. म्हणून पॉलिसी निवडलीत तर जागा राखून ठेवण्याचा शब्द तुम्हीच द्या, तोही लेखी. कामगाराची आणखी एक भीती वेळेवर दूर करायला हवी: पुन्हा पूर्ण पगारावर रुजू झालो तर ईएसआयची कायमची रक्कम बंद होईल. ती बंद होत नाही. बोटं गेलेल्या माणसाला प्रेसवर परत बसवू नका. तपासणी, पॅकिंग, गेज मोजणी अशी कामं आधीच हेरून ठेवा.

माझा कल स्पष्ट आहे: रुग्णालय आवाक्यात असेल तर सात माणसांवरही ईएसआय घ्या. नसेल तर डब्ल्यूसी घ्या, पण उपचाराचं कलम जोडून, पगार खरा दाखवून. नोटरीसमोर ‘इतके मिळाले, आता मागणी नाही’ असा कागद करून सुटका होत नाही. मृत्यूची भरपाई तर परस्पर घरच्यांच्या हातात देऊन भागत नाही, ती भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते.

ईएसआय घेतलीत तरी २१,००० च्या वर पगार असलेला सुपरवायझर तिच्याबाहेर राहतो, त्याच्यासाठी पॉलिसी लागतेच. नव्या माणसाची नोंदणी तो रुजू होईल त्याच दिवशी करा, अपघातानंतर नव्हे. ठेकेदाराच्या माणसांचा भार शेवटी तुमच्यावर येऊ शकतो, तेव्हा त्यांचं ईएसआय भरल्याचं चलन किंवा पॉलिसीची प्रत बिल देण्याआधी मागून घ्या.