पिंगुळीचं गोठ्यातलं म्युझियम, आणि माझा फसलेला कोस्टर सेट

मे महिन्यात आईला घेऊन गावी गेले होते तेव्हाचा हा रिव्ह्यू, लिहायला पावसाळा उजाडला. लोक कुडाळ स्टेशनला उतरतात आणि सरळ मालवण गाठतात, आम्हीही इतकी वर्षं तेच केलं. ह्या वेळी म्हटलं पिंगुळीला जाऊया, हायवेपासून अगदी जवळ आहे. रिक्षावाल्याला नुसतं "पिंगुळी" सांगितलं तर तो थेट राऊळ महाराजांच्या मठात नेतो, त्यामुळे "गुढीपूर, ठाकर आदिवासी कला आंगण" असं पूर्ण सांगा. मठाचं दर्शन झालं फुकटात, त्यात काही वाईट नाही म्हणा.

मोठी बिल्डिंग, एसी, कॉफी शॉप असलं डोक्यात ठेवून जाऊ नका. परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये घरच्या गुरांच्या गोठ्यातच हे म्युझियम उभं केलं, 2021 ला त्यांना पद्मश्री मिळाली. आत चित्रकथीची चित्रं, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं. पाच मिनिटांत बघून बाहेर पडणारेही असतील, पण मग तुम्ही फक्त खोली बघितली. घरातलं कोणीतरी सोबत उभं राहून सांगतं तेव्हा खरी मजा, आणि प्रयोग बघायचा असेल तर आधी फोन करून जा, आयत्या वेळी जाऊन हट्ट करू नका.

चित्रकथी म्हणजे सोप्या भाषेत सांगायचं तर हाताने रंगवलेल्या सुट्या पानांची पोथी. एकेक पान समोर उभं धरायचं आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीत रामायण-महाभारतातलं आख्यान गात गात पुढे न्यायचं. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात, पान उलटलं की पुढचा प्रसंग, म्हणजे आपण आत्ता मोबाईलवर स्टोरी सरकवतो तेच, फक्त इथे सरकवणारा माणूस गातो पण. चेहरे बहुतेक एका बाजूने काढलेले आणि डोळे हे एवढे मोठ्ठे, माशासारखे. एका जुन्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात रंग पार उडालेला होता, गोल, बरोब्बर अंगठ्याएवढा. किती वर्षं कोणाकोणाचा अंगठा तिथे टेकला असेल देव जाणे, मी तर चित्रातला राम सोडून तो कोपराच बघत बसले.

चामड्याच्या बाहुल्यांकडे बघून आईने आधी नाक मुरडलं. मग पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून एक बाहुली धरून दाखवली, चामड्याला पाडलेल्या बारीक भोकांतून उजेड आला आणि पडद्यावर दागिने चमकायला लागले, तेव्हा ती एकदम म्हणाली, "गो, ह्यां मी ल्हान असताना देवळात बघलंय!" साठ वर्षांपूर्वीचं बरं का. पूर्वी सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा या ठाकर कलाकारांना आश्रय होता, देवळांत खेळ व्हायचे, त्यातलंच ते असणार. मला जन्मात एकदा पण सांगितलं नव्हतं तिने.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीचा राजवाडा, मोती तलावाला लागूनच. तिथे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, बघायच्या. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशिलादेवी यांनी 1970 च्या दशकात ही कला परत उभी केली नसती तर संपलीच असती. दशावतारी गंजिफाचा जोड 120 पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं, सगळी गोल. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री असेल तर कृष्णाचा, हे ऐकून मला भारी वाटलं. कलाकार तिथेच बसून रंगवतात, आणि ब्रशचं टोक इतकं बारीक की मत्स्याचा एकेक खवला वेगळा काढत होते. मागे उभं राहून श्वास पण हळू घेतला मी.

किंमत ऐकून मात्र मी बाहेर पळाले आणि रस्त्यातल्या एका दुकानातून (नाव नाही घेत) "हँडपेंटेड" गंजिफा कोस्टर घेतले, सहाचा सेट, स्वस्तात मिळाले म्हणून खूश. डोंबिवलीला येऊन पहिला गरम चहाचा कप ठेवला, उचलला तर कपाच्या बुडाला चिकटून वामन वर आला. स्टिकर होता! तेव्हा घ्यायचं तर जिथे बनताना दिसतं तिथूनच घ्या, जोड परवडत नसेल तर एखादं सुटं पान मिळतं का विचारा. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं मात्र छान निघाली, भाचीने दोनदा आपटली तरी कलिंगड शाबूत आहे.

पिंगुळीला पाच पैकी पाच, राजवाड्याला साडेचार, कोस्टरला शून्य.

आणि हो, परतीच्या ट्रेनमध्ये आईने काय केलं असेल तर मामाला फोन. "माळ्यार ता घिरट होता ता खंय आसा रे? भंगारवाल्याक दिलंस नाय मां?" (घिरट म्हणजे भात भरडायचं मोठं जातं.) मामा म्हणाला, "नाय गो अक्का, तेच्यार पाण्याचा पिंप ठेवलंय." पिंप आधी उतरव म्हणून तिने त्याला चिपळूण येईपर्यंत सोडलं नाही.